थांब म्हणणारी

आई,

तू गेल्याला पंधरवडाही झाला नाही, आणि काल एक बाई फाटकाबाहेर उभी राहून विचारत होती, "ब्लाउजवाल्या ताई हायेत का?"

मला वाटलं, शिवायला टाकलेलं कापड न्यायला आली असेल. तुझ्या मशीनशेजारच्या पिशवीत अजून काहीजणींची कापडं तशीच घडी घालून ठेवलेली आहेत. पण ती म्हणाली, "न्हाई, शिवायचं न्हवतं. आमच्या घरात कुत्रं आनायचं चाललंय. मालक डॉबरमन म्हनत्यात, पोरं पामेरियन म्हनत्यात. रोज भांडनं. शेजारीन म्हनली, त्या ताईंना इचार, त्या घर बघून सांगत्यात."

मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "आता कुनाला इचारायचं वो?"

 ती गेल्यावर मी आत आले आणि आधी हसले, मग रडले. आई, तुला आठवतं का ग, तू कोण होतीस ते? कोपऱ्यावर साधं खरजुलं कुत्रं झोपलेलं दिसलं तरी तू मला मनगटाला धरून सगळा वळसा घालून शाळेत न्यायचीस. तुझी पकड इतकी घट्ट असायची की माझ्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतायच्या. कुत्रं उठून नुसतं आळस देऊ लागलं तरी तुझा श्वास थांबायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा असतात. तुझ्या डाव्या पोटरीवरचा तो खड्डा मी कितीदा पाहिला असेल. विचारलं की एकच उत्तर: "ल्हानपनी लागलं." आणि अशा तुझ्याकडे श्रीरामपुरातली माणसं कुत्र्याचा सल्ला विचारायला यायची!

तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, हे सगळं सातव्या दिवशी बुद्धवंदनेनंतर बोलून झालं. अण्णांनी ते नीट सांगितलं. ते मला पुन्हा लिहायचं नाही. मला तुझ्याशी त्या कुत्र्याचं बोलायचंय.

रेल्वे लाइनीपलीकडच्या प्लॉटवर आपण राहायला आलो ते ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला. आजूबाजूला तुरळक घरं, मागे ऊस, आणि हंगामात कारखान्याच्या मळीचा वास. अण्णा एसटीत ड्रायव्हर. आठवड्यातून निम्मे दिवस मुक्कामी गाडी, म्हणजे रात्र दुसऱ्या गावात. घरात तू आणि मी. मग पलीकडच्या घरात चोरी झाली. माणसं आत झोपलेली आणि चोरांनी भांड्यांसकट घर धुऊन नेलं. सकाळी अण्णा ड्युटीवरून आले, चहा घेता घेता त्यांनी सगळं ऐकलं आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "कुत्रं आनायचं."

तू परातीतली भाकरी थापायची थांबलीस. "कुत्र्याबिगर लोकं ऱ्हात न्हाईत का?"

"ऱ्हात्यात. त्यांच्या घरात मानसं असत्यात. मी मुक्कामाला गेल्यावर तुमी दोघीच हाय."

तू पुन्हा थापायला लागलीस. भाकऱ्या मात्र त्या दिवशी सगळ्या जाड झाल्या.

मग सुरू झालं कुठलं आणायचं ते. दोन पिल्लं मिळण्यासारखी होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या मार्था सिस्टर, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स, त्यांच्या पामेरियनला पिल्लं झाली होती. पांढरी, कापसाच्या बोंडासारखी. आणि अण्णांचे एक जुने मित्र, नगरला कॅम्पात हवालदार, त्यांच्याकडे अल्सेशियनची पिल्लं होती. अण्णांचं मन अल्सेशियनवर होतं. माझं पामेरियनवर. पण आम्हा दोघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, की तू इतकी भितेस, तर लहानच आणावं. अण्णांनी माघार घेतली. "तुझ्या आईच्यानं मोठं कुत्रं झेपायचं न्हाई, सुजी," ते मला म्हणाले. म्हणजे ठरल्यातच जमा होतं. तुला विचारणं हा नुसता उपचार.

तू शिलाईतनं मान वर न करता म्हणालीस, "दोन्ही बघीन. मग सांगीन."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. कुत्रं बघायला तू जाणार, हेच आम्हाला खरं वाटेना.

सिस्टरबाईंच्या घरी काय झालं ते सांगताना त्या अजूनही हसतात. परवा तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावायला आल्या तेव्हाही आधी तेच सांगितलं आणि मग डोळे पुसले. आपण आत गेलो, तू खुर्चीच्या टोकावर बसलीस, आणि कॉटखालून एकदम ते पांढरं बोंड किंचाळत बाहेर आलं. आपल्या पायांमधून, तुझ्या निऱ्यांमधून, खुर्चीखालून. ते दिसायचंच नाही, नुसता आवाज. तू खुर्चीवर उभी राहिलीस. एवढी मोठी बाई, पदर खोचलेली, खुर्चीवर! सिस्टर म्हणाल्या, "अहो ताई, मुठीएवढं आहे ते!" तू वरूनच म्हणालीस, "मूठ कुठं हाय ते कळाया पायजे ना पन!"

मी इतकी हसले की पोट दुखलं. घरी येईपर्यंत तूही थोडी हसलीस. आम्ही मनात म्हटलं, झालं, मुठीएवढ्यालाच ही अवस्था, आता नगरला जायचं कारणच उरलं नाही. पण रविवारी तू ठेवणीतली साडी नेसून तयार. "अल्सेशन बघायचाय ना?"

अण्णांचीच गाडी होती नगरची. आपण त्यांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. हवालदारकाकांच्या क्वार्टरच्या अंगणात त्या पिल्लांची आई साखळीला बांधलेली होती. मी तोपर्यंत एवढं मोठं कुत्रं जवळून पाहिलं नव्हतं. काळी पाठ, तांबूस पाय, आणि माणसाकडे सरळ बघायची नजर. तू फाटकापाशीच थांबलीस. आत पाऊल टाकलं नाहीस, पण मागेही सरली नाहीस. ती तुझ्याकडे बघत होती, तू तिच्याकडे. काकू चहाला बोलावत होत्या, तुझं लक्ष नव्हतं.

"भाऊजी," तू विचारलंस, "ही कुनावर धावून गेली तर?"

"सोडून दाखवतो," काका म्हणाले. अण्णा "नको नको" म्हणेपर्यंत त्यांनी साखळी काढली, चेंडू लांब भिरकावला आणि ती सुटली. बाण सुटल्यासारखी. मधेच काकांनी न ओरडता, साध्या आवाजात म्हटलं, "रुक." आणि ती थांबली, आई! चेंडू पुढे टप्पे घेत चाललाय आणि ती पुढचा एक पाय उचललेला, तशीच उभी. मान वळवून काकांकडे बघतेय.

मी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस. मी वळून पाहिलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, घाबरलीस.

"पुन्ना," तू म्हणालीस. काकांनी पुन्हा केलं. ती पुन्हा थांबली. "पुन्ना," तू परत म्हणालीस. शेवटी काकाच दमले.

परतीच्या वाटेवर राहुरी मागे पडली. मग तू पुढे वाकलीस आणि इंजिनाच्या आवाजातून अण्णांना म्हणालीस, "मोठं आना."

"काय?"

"अल्सेशन आना."

अण्णांनी आरशातून पाहिलं. त्यांच्या डोक्यावरच पाटी होती, वाहनचालकाशी बोलू नये. तू त्या पाटीखाली वाकून सगळं बोललीस. घरात दिवसभर ब्लाउजवाल्या बाया येणार. पामेरियन एकूण एकीवर भुंकत बसेल आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. ते घरात राहणार, मशीनच्या पायडलखाली झोपणार, कापडाला केस. मागे एवढं मोकळं अंगण रिकामं पडलंय, त्यात फिरायला मोठं कुत्रं बरं. चोर मुठीएवढ्याला भीत नाही. आणि शेवटी म्हणालीस, "ल्हान कुत्रं कुठनं येईल कळत न्हाई. मोठं असलं की दिसतं तरी."

कितीतरी दिवस मी हेच कारण धरून चालले होते. मैत्रिणींना सांगायचे, आमच्या आईचं लॉजिक बघा: भ्यायचंच तर मोठ्याला भ्यावं! मला तेव्हा मूळ कारण माहीतच नव्हतं.

पिल्लू आलं ते एसटीच्या केबिनमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यात. मादी. काका म्हणाले होते, मादी घर धरून राहते. अण्णांना नाव ठेवायचं होतं राणी. तू म्हणालीस, "तुमी ड्युटीवर गेलं की हिची ड्युटी सुरू. ड्युटीच म्हना." आणि तेच राहिलं. पोस्टमन पहिल्यांदा ऐकून चक्रावला होता. "ड्युटी सोडलीय का?" तो फाटकातून विचारायचा, आणि तू आतून, "थांबा, ड्युटी बांधते."

बांधायचे मात्र अण्णा किंवा मी. तू तिला हात लावला नाहीस. मागच्या जाळीच्या दाराआडून तू तिच्याशी बोलायचीस. अण्णांना काकांनी शिकवलं होतं, ते तू अण्णांकडून शिकून घेतलंस. दूध-भाकरीचं ताट दाराबाहेर ठेवायचं, केरसुणीच्या दांड्याने पुढे सरकवायचं आणि म्हणायचं, "थांब." पिल्लू धावून यायचं, तू ताट दांड्याने मागे ओढायचीस. पुन्हा सरकवायचीस. "थांब." पुन्हा ओढायचीस. मला त्या पिल्लाची दया यायची. किती चिकाटी होती तुझी! सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, आणि मधे शिलाईतनं उठून उगाच एक तुकडा. "थांब." "हां, घे." आवाज कधी चढवला नाहीस. अण्णा म्हणायचे, जरा दरडावून सांग. तू म्हणायचीस, "दरडावून ऐकायची सवय लागली, तर सादं बोललेलं ऐकंल का ती?"

आणि मग तो दिवस. दिवाळीची सुट्टी होती, नुकताच कारखाना सुरू झाला होता. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा ड्युटी मोकळी असायची. ती आता चांगली वाढली होती, उभी राहिली की माझ्या कमरेला लागायची. कुणीतरी जाताना फाटक नीट लावलं नव्हतं. मी आत पुस्तक घेऊन बसले होते. एकदम लहान पोरीची किंकाळी ऐकू आली.

खिडकीतून पाहिलं. ऊसतोडीची एक बाई, डोक्यावर रिकामी कळशी, हाताला आठ-नऊ वर्षांची पोरगी, पाणी मागायला आत आलेली. आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून ड्युटी सुटलेली. भुंकत नव्हती. नुसती धावत होती.

मशीनचा आवाज थांबला. तू दारात आलीस. कापड सुईखाली तसंच राहिलं होतं.

"थांब."

एवढंच. आणि तेही जोरात नाही. ड्युटीचे पाय मातीत घसरले. पोरीपासून हातभर अंतरावर ती थांबली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

पुढे तू जे केलंस ते मी आजही विसरलेले नाही. तू पायरी उतरून गेलीस आणि त्या दोघींच्या आणि कुत्रीच्या मधे उभी राहिलीस. तोंड पोरीकडे. पाठ कुत्रीकडे. आई, कोपऱ्यावरच्या झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालणारी तू, त्या जनावराकडे पाठ करून उभी होतीस. तू पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास, आणि मागे न बघता म्हणालीस, "माघारी जा." ड्युटी शेवग्याखाली जाऊन बसली.

त्या दोघींना तू घरात आणलंस. ती बाई उंबऱ्याशीच बसायला लागली, तर तू दंडाला धरून आत सतरंजीवर बसवलंस. पाणी दिलंस, चहा टाकलास. पोरगी दाराकडेच बघत होती.

"कुठल्या वो बाई तुमी?"

"जामखेडाकडच्या."

तू चहा गाळता गाळता थांबलीस. "कोनत्या अंगाला?" तिने गावाचं नाव सांगितलं. तू म्हणालीस, "माझं म्हायेर तिथनं जवळच हाय." मग कपबश्या त्यांच्यापुढे सरकवल्यास.

पोरीने विचारलं, "चावती का ती?"

"माझ्या शब्दाभाईर जात न्हाई," तू म्हणालीस. आणि मग तू तिला, त्या अनोळखी पोरीला, ते सांगितलंस जे मला कधी सांगितलं नव्हतंस. मी आतल्या खोलीत होते. पुस्तक मांडीवर उघडं.

"मी तुझ्याएवढीच हुते. माझ्या बाबानं दीक्षा घेतलेली. आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली, त्याचा गावात काहींना लई राग. मी आन माझी आय खुरपायला चाललो हुतो. वाट एका मळ्यातनं जायाची. पयल्यापासनंची वाट. मळेवाला बाजंवर बसला हुता. आमाला बघून त्यानं कुत्र्यांना छू म्हनलं. दोन हुती. आय म्होरं झाली, पन एकानं माझा पाय धरला. आय वरडत हुती, मालक, बोलवा वो, बोलवा. तो बसून बघत हुता. हसत बी न्हवता. नुसता बघत हुता. त्याची कुत्री हुती ती. त्याचं ऐकत हुती. थांब म्हनला असता, तर थांबली असती."

ती बाई म्हणाली, "आन तरी तुमी कुत्रं पाळलं?"

"तिथं थांब म्हननारं कुनी न्हवतं. या घरात मी हाय."

 हवालदारकाकांच्या फाटकाशी उभी राहून तू "पुन्ना, पुन्ना" म्हणत होतीस, ते कशासाठी, हे मला त्या क्षणी कळलं. माझी आई तिथे जात बघायला गेली नव्हती. एका शब्दावर थांबतं असं कुत्रं जगात असतं का, ते बघायला गेली होती. आणि असतं म्हटल्यावर तो शब्द आपल्या तोंडी असावा म्हणून तिने ते घरी आणलं. मी त्या वेळी दहावीत होते, स्वतःला फार शहाणी समजायचे. तुझ्यापुढे त्या दिवशी मला माझं सगळं शिक्षण दुसरीतल्या पोरीचं वाटलं.

हंगामभर त्या दोघी पाण्याला आल्या. त्या आल्या की तू मशीनवरून उठून आधी अंगणात जाऊन उभी राहायचीस. हंगाम संपून त्या गावी जाताना तू त्या पोरीला उरलेल्या तुकड्यांचा झगा शिवून दिलास, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. तिने तो तिथेच अंगावरच्या कपड्यांवर चढवला.

मला वाटतं, त्या हंगामानंतरच तुझं नाव झालं. कुणीतरी पाहिलं असेल, कुणीतरी सांगितलं असेल. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका मापं देता देता विचारायला लागल्या. कुणाला डॉबरमन की अल्सेशियन, कुणाला पामेरियन की साधं गावठी. तू जातींबद्दल काही बोलायचीच नाहीस. म्हणायचीस, "कुत्रं मागनं बघू. आदी घर सांगा." मग एकेक विचारायचीस. दिवसा घरी कोण असतं? म्हातारं माणूस आहे का, ज्याच्या पायात येईल? अंगण केवढं? पाहुण्यांचा राबता किती? आणि शेवटी, मापाची फीत गळ्यात अडकवत, "आन थांब कोन म्हननार?"

इथे भले भले अडकायचे. एक गुरुजी आले होते, घरातली चारही माणसं घेऊन. चौघांनाही अल्सेशियन हवा होता. तुझ्या शेवटच्या प्रश्नाला चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू शांतपणे म्हणालीस, "मग मांजर पाळा." ते रागावून गेले. पण महिनाभराने गुरुजींची बायको ब्लाउज टाकायला आली आणि हळूच म्हणाली, "मांजरच आणलं हो."

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. लग्न होऊन मी नगरला गेले. दोन खोल्या, आम्ही दोघंही नोकरीला. मला कुत्र्याशिवाय घर घर वाटेना. लॅब्रडॉर आणू का म्हटलं, तू नाही म्हणालीस. मग पामेरियन? तेही नाही. "दिसभर कुलूप लागतंय तुझ्या घराला. मोठं काय आन ल्हान काय, ते मानसाचं भुकेलं असतं. भाकरीवर जगत न्हाई." मी म्हटलं, संध्याकाळी असतो की आम्ही. तू म्हणालीस, "मग संध्याकाळपुरतं पोपटाचं चित्र लाव." मी चिडले होते. दिवाळीला येऊन पुन्हा हा विषय काढणार होते. आता तू नाहीस, म्हणून मी तुझं ऐकलं असं होत नाही, आई. मला अजून ते पुरतं पटलेलं नाही. पामेरियनचं तरी पटलेलं नाही. पण वाद घालायला समोर तू पाहिजेस ना.

आणखीही काही विचारायचं राहिलं. तो मळेवाला कोण होता? तू नंतर कधी त्या वाटेने गेलीस का? माहेरी जायचीस तेव्हा त्याचा मळा लागायचा का? त्या दुपारी मी सगळं ऐकलं हे तुला माहीत होतं, असं मला नेहमी वाटत आलं. ती बाई गेल्यावर तू खोलीत डोकावलीस, माझ्या हातातलं पुस्तक उलटं धरलेलं पाहिलंस आणि काही न बोलता पुन्हा मशीनवर बसलीस. तेवढं आपल्या दोघींना पुरलं. निदान मला तसं वाटत होतं.

सातव्या दिवसाचा कार्यक्रम झाला. पाहुणे जेवून गेले. दुपारी अण्णा मागच्या पायरीवर बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात, एकाएकी फार लहान दिसत होते. ड्युटीही आता म्हातारी झालीय, तोंडाजवळ पांढरी. ती शेवग्याखाली पडली होती. मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अण्णा, आईची कुत्र्याची भीती नक्की कधी गेली हो? मला तो दिवस आठवतच नाही."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"गेली?" ते म्हणाले. "कोन म्हनलं गेली?"

त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं.

"रोज सकाळी मी बघायचो, घरी असलो की. भाकरी कुस्करायची, ताट उचलायचं आन या दाराशी येऊन उभी ऱ्हायची. एक हात कडीवर. डोळे मिटायची. ताट थरथरायचं, वाजायचं. मग कडी काढून भाईर जायची, आन तोवर आवाज एकदम सादा. 'थांब. हां, घे.' पयल्या वर्सी बी तसंच. दवाखान्यात नेली त्या सकाळी बी तसंच."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"म्हनलो की. म्हनलो, दे इकडं, मी घालतो. तर म्हनली, तुमी मुक्कामाला गेल्यावर कोन घालनार? पुन्ना एकदा म्हनलो. तवा मातर चिडली."  अण्णांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. "म्हनली, ड्युटीला कळू देऊ नका. आन सुजीला बी."

म्हणजे मी ज्या सकाळी पलीकडच्या खोलीत केस विंचरत होते, गाणी ऐकत होते, शाळेला उशीर झाला म्हणून आरडाओरडा करत होते, त्या प्रत्येक सकाळी, भिंतीच्या पलीकडे, तू डोळे मिटून कडीला हात लावून उभी होतीस. इतकी वर्षं. आणि तशीच येऊन माझी वेणी घालायचीस, आणि तुझ्या हातांना कंप नसायचा.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, तुझी आई लई धीट होती. मी मान हलवते, त्यांना काही सांगत नाही. तू भित्री होतीस, आई. आठ-नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून ते शेवटच्या सकाळपर्यंत होतीस. आणि रोज ताट घेऊन बाहेर जात होतीस. हे कळलं तेव्हा मी अण्णांच्या शेजारी पायरीवर नुसती बसून राहिले. आतून कुणीतरी हाका मारत होतं. मला उठवेना.